अष्टमीच्या दुपारचा दिवा

पेट्रोलियम इंजिनिअरिंगला मला प्रवेश मिळाला तेव्हा आमच्या मोहल्ल्यात एकच समज पसरला, की विलास आता पेट्रोल पंप टाकणार. कोपऱ्यावरचा सायकलवाला मला थांबवून म्हणायचा, "पंप टाकला की मायी लूना पहिले भरशीन नं गा?" आईला या थट्टेचा मनापासून राग यायचा. ती हातातलं काम टाकून ओसरीवर यायची आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगायची, "जमिनीच्या पोटातून तेल काढाचं शिकते माया पोट्टा. पंपावर नळी धराले नाही चालला." बाबा आतून हसायचे. ते कळमन्याच्या धान्यबाजारात मापारी होते. पोतं काट्यावर चढलं की वजन पुकारायचं हे त्यांचं काम. जुन्या मापाऱ्यांच्या रीतीप्रमाणे पहिल्या मापाला ते 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. ती सवय घरातही सुटलेली नव्हती. ताटात पहिली पोळी पडली की 'लाभ', मग दोन, मग तीन. चौथीला आई म्हणायची, "पोतं भरलं वाट्टे आता," आणि बाबा ताटावर आडवा हात धरायचे. आज मधुमेहामुळे मला दोनच पोळ्या मिळतात, पण पहिलीला मनातल्या मनात मी अजून 'लाभ' म्हणतो.

घर म्हणजे एकामागे एक तीन खोल्या, आगगाडीच्या डब्यांसारख्या. पुढे बैठक, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर आणि त्यामागे आवारात न्हाणी. स्वयंपाकघर माजघरापेक्षा एक पायरी उंच होतं, आणि त्या पायरीला अडखळून न पडलेला पाहुणा मला आठवत नाही. देव माजघरात होते. त्याच वर्षी घरात गॅस आला होता, आणि स्टोव्हला पंप मारण्याचा जो फस्‌फस्‌ आवाज माझ्या सगळ्या बालपणाच्या सकाळींना होता, तो अचानक बंद झाला होता. आईला काही दिवस तो आवाज नसल्यामुळे चहा झाला असं वाटतच नसे.

दुपारी अडीचच्या सुमाराला यमूआत्या यायची. बाबांची मोठी बहीण. तरुणपणीच विधवा झालेली, दोन गल्ल्या सोडून तिच्या मुलाबरोबर राहायची. नणंद-भावजय म्हटलं की लोक जे समजतात त्याच्या नेमकं उलटं या दोघींचं होतं. आत्या दारातूनच "वयनी, झोपली का वं?" म्हणायची, आणि झोपलेली असली तरी आई "नाही नं बाई, तुमचीच वाट पाहून राहिली होती," म्हणत उठायची. मग चहा, मग निवडायचं काहीतरी, मग भांडण. भांडण नेहमी सांबारवडीवरून, म्हणजे कोथिंबिरीच्या वडीवरून. आईच्या वडीत खसखस जास्त आणि आत्याच्या वडीत तिखट जास्त, हा वाद माझ्या आठवणीत तरी कधी मिटला नाही. भुलाबाईच्या दिवसांत मोहल्ल्यातल्या पोरी गाणी विसरल्या की या दोघींना बोलवायच्या, आणि पन्नाशीला टेकलेल्या त्या दोन बायका एकमेकींच्या खांद्यावर हात ठेवून अख्खी गाणी म्हणायच्या. या मैत्रीबद्दल मी इतकं लिहितोय, कारण ती माझ्यामुळे मोडली.

आमचं कुलदैवत माहूरची रेणुका. आईची देवीवरची श्रद्धा ही मागण्या-बिगण्यांची नव्हती. ती देवीशी बोलायची, कधीकधी रागवायचीसुद्धा. "पाहून राहिली नं तू? मंग?" असं ती भाजी फोडणीला टाकता टाकता माजघराकडे पाहून म्हणे. नवरात्रात घट बसायचा. परडीत काळी माती, त्यात पेरलेले गहू, वर मातीचा घट, रोज एक माळ. आणि शेजारी जमिनीवर अखंड दिवा. पितळेची पसरट पणती, तळहातापेक्षा थोडी मोठी, आणि नऊ दिवस पुरेल अशी आईने स्वतः वळलेली बोटभर जाडीची वात. तो दिवा हलवायचा नाही, विझू द्यायचा नाही, घर क्षणभरही रिकामं सोडायचं नाही. मी कॉलेजात थर्मोडायनॅमिक्स शिकत होतो आणि घरी पाळीपाळीने दिव्याला तेल घालत होतो. यात मला कधी विसंगती वाटली नाही, आजही वाटत नाही. ज्यांना वाटते त्यांच्याशी मी वाद घालणं सोडून दिलं आहे.

माझ्या शेवटच्या वर्षी, घट बसायच्या आधी आठवडाभर, बाबांना दवाखान्यात भरती केलं. काविळीचं निमित्त झालं होतं, पण आधी गावठी औषध, मग झाडपाला, मग 'उतरून राहिली, उतरून राहिली' असं करता करता फार उशीर झाला होता. घटस्थापनेच्या सकाळी आईने दिवा लावला आणि देवीकडे बघत, अगदी व्यवहाराच्या आवाजात म्हणाली, "नऊ दिवस याले मी पाहीन. तू त्याहिले पाहाय." सहाव्या माळेला डॉक्टरांनी मला बाहेर व्हरांड्यात नेलं. म्हणाले, "लिव्हर गेलंय. आता दिवसांचा प्रश्न आहे." मी मान हलवली, सायकल काढली आणि घरी येऊन आईला सांगितलं की डॉक्टर म्हणतात फरक पडतोय. एकवीस वर्षांचा होतो. तिच्या दिव्याकडे बघून मला दुसरं काही बोलवलं नाही.

त्याच पंधरवड्यात आमच्या सरांनी वर्गात एक प्रयोग दाखवला होता. पत्र्याचं लांब पन्हाळ तिरपं ठेवलं. खालच्या टोकाला पेटती मेणबत्ती, वरच्या टोकाला पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा. दोघांमध्ये चांगलं चार-पाच हात अंतर. आम्ही एकमेकांना कोपरं मारत उभे होतो. काही क्षण काहीच झालं नाही, आणि मग मेणबत्तीपासून एक निळी रेघ पन्हाळातून वर धावली आणि बोळा भडकला. सर म्हणाले, "वाफ हवेपेक्षा जड असते. पाण्यासारखी उताराने वाहते. दिसत नाही, एवढंच. आग तिच्याकडे जात नाही, तीच आगीकडे जाते." नंतर आयुष्यभर मी शेकडो माणसांना सुरक्षिततेचे धडे दिले, त्यात त्या पन्हाळाएवढं काही कोणाला पटलेलं मी पाहिलं नाही.

अष्टमीच्या दिवशी दुपारी आत्या दवाखान्यात बाबांजवळ होती आणि मी डबा न्यायला घरी आलो. घरात काय झालं होतं ते मला नंतर कळलं, पण आधीच सांगतो. नैवेद्याचं पुरण शिजत असताना गॅस संपला होता. सिलिंडरवाला नेमका त्याच वेळी आला. तो सिलिंडर आत नेऊन लावून देतो म्हणाला. पण घट बसलेला, आई ओल्या लुगड्यात, आणि बाहेरच्या माणसाने माजघर ओलांडून स्वयंपाकघरात जायचं म्हणजे सोवळं मोडणार. तिने त्याला ओसरीवरूनच परत पाठवलं. हे लिहिताना मला लाज वाटते, पण तशी रीत होती आणि आम्ही ती पाळत होतो. मग तिनेच ते धूड ढकलत ढकलत, पायरीवरून चढवून आत नेलं, झाकण काढलं, रेग्युलेटर बसवला आणि चालू केला. आतली रबरी चकती फाटलेली होती. तो माणूस आत आला असता तर त्याने पाहताक्षणी बदलली असती. आईला चकती असते हेच माहीत नव्हतं. आणि बाहेरून आलेल्या सिलिंडरला शिवल्यामुळे सोवळं मोडलं, म्हणून शेगडी पेटवण्याआधी ती पुन्हा अंघोळीला गेली. मागचं दार तिने ओढून घेतलं, मांजर आत येऊन नैवेद्याला तोंड लावू नये म्हणून.

मी बैठकीत चप्पल काढली आणि वास आला. घरच्या गॅसला तो वास मुद्दाम घातलेला असतो. ज्याने कोणी ती युक्ती काढली त्याला मी रोज मनात नमस्कार करतो. माजघराच्या दारात आलो तर स्वयंपाकघरातून बारीक, सलग सुसकारा ऐकू येत होता. न्हाणीत तांब्याचा आवाज. आणि पायरीपासून दोन हातांवर, जमिनीवर, दिवा. त्याची ज्योत रोजच्यापेक्षा उंच झाली होती आणि कडेने निळसर दिसत होती. मला पन्हाळ दिसलं. पायरीवरून तो गॅस कसा खाली उतरत असेल ते मला इतकं स्पष्ट दिसलं की मी विचार केला असं म्हणता येणार नाही. मी गुडघ्यावर बसलो आणि ती वात चिमटीत धरून विझवली.

मग दारं उघडली. पंख्याच्या बटणाला हात लावला नाही. श्वास धरून आत गेलो, रेग्युलेटर बंद करून काढला, मागचं दार उघडलं आणि सिलिंडर ओढत आवारात नेला. हात भाजला आहे हे तेव्हा कळलं. आई न्हाणीतून बाहेर येऊन उभी होती, डोक्यावरून पाणी गळत होतं. तिने सिलिंडरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. मी मागे गेलो तेव्हा ती घटासमोर बसली होती. वातीचा धूर अजून निघत होता.

"तू इझवला?" तिने विचारलं.

"हो."

"वाऱ्यानं नाही गेला?"

"नाही आई. मी इझवला. घर उडालं असतं."

 मी दिवा उचलून पुढच्या दाराने बाहेर का नेला नाही, हा प्रश्न तिने विचारला नाही. तो मी स्वतःला विचारत आलो आहे. माजघरातून ओसरीपर्यंत अकरा पावलं होती. कदाचित जमलं असतं. अखंड दिवा हलवायचा नाही हे माझ्याही अंगात इतकं मुरलेलं होतं, की विझवणं सुचलं पण उचलणं सुचलं नाही. या उत्तराने माझं समाधान कधी झालेलं नाही.

दिवेलागणीला आत्या आरतीसाठी आली. बाबांजवळ तिचा मुलगा थांबला होता. तोवर आईने घर पुसून घेतलं होतं, पण दिवा पुन्हा लावला नव्हता. तिचं म्हणणं, देवीला जे झालं ते दिसलंय, आता तिच्यापासून काय लपवायचं. मी कोपऱ्यात बसलो होतो आणि मनात ठरवून टाकलं होतं, की हे शिक्षण सोडायचं. बाबांच्या जागी काट्यावर उभं राहायचं. ज्या विद्येने माझ्या हातून हे करवलं, तिचं तोंड पाहायचं नाही. आत्या हातपाय धुऊन माजघरात आली आणि जागच्या जागी थबकली.

"दिवा कोनं इझवला?"

मी उठलो. तोंड उघडलं. त्याआधी आई म्हणाली, "मी."

"तू? काहून?"

"गॅस निंगून राहिला होता बाई. घाबरली मी. हातानं इझवला."

आत्याचा चेहरा मला अजून दिसतो. राग नव्हता तो. पायाखालची जमीन सरकावी तसं झालं होतं तिला. "माया भाऊ तिकडं हाय," ती म्हणाली, "अन् त्याचा दिवा तू आपल्या हातानं इझवला वयनी?" तिने आरतीला हात लावला नाही. आली तशी निघून गेली.

ती गेल्यावर मी आईवर ओरडलो. तू खोटं का बोललीस, तेही घटासमोर बसून. ती शांतपणे माझ्या बोटांना तूप लावत होती. म्हणाली, "तुले बोल लागन त तू ते शिकनं सोडून देशीन. मले दिसून राहिलं तुया तोंडावर. तू नसता इझवला त तुया बापाले आनाले घरच नसतं राह्यलं. तू बरोबर केलं. ज्यानं बरोबर केलं त्यानं बोल खायचा नाही."

"मग तू काहून खायचा?"

"मले पचते," ती म्हणाली. "देवीचं अन् माहं मी पाहून घेईन, तिले समजते. यमूबाईले नाही समजत." मग तिने माझा भाजलेला हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला. "माया गळ्याची शपथ हाय तुले. हे कोनाले सांगाचं नाही. अन् परीक्षा द्याची."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा गेले. डॉक्टरांनी सांगितलेलं मला माहीत होतं, म्हणून त्या दिव्याने बाबा गेले असं मला कधी वाटलं नाही; तरी मसणवटीतून परतताना मी सारखा उजव्या हाताची बोटं बघत होतो. आत्याने तेरा दिवस घरचं सगळं केलं. चूल, पाणी, आल्यागेल्याचं. पण आईशी एक शब्द बोलली नाही. सगळ्यांना वाटलं, दुःखामुळे. नंतर कळलं की ती कायमची बोलायची थांबली होती.

मी परीक्षा दिली, कारण आईने दुसरा रस्ताच ठेवला नव्हता. मी बाजाराकडे नुसता निघालो तरी ती दारात आडवी उभी राहायची. पहिली नोकरी आसामात लागली तेव्हा स्टेशनावर ती रडली नाही. गाडी सुटताना म्हणाली, "तिकडं वास घेत जाय नीट." मग मी तेलाच्या विहिरींवर आयुष्य काढलं. तिथे काडीपेटी खिशात सापडली तरी नोकरी जाते, त्यामुळे माझी सगळी पूजा बिनज्योतीची झाली. राहण्याच्या लोखंडी खोलीत, बंकरमध्ये, पत्र्याच्या पेटीवर एक सुपारी, एक फूल, आणि डोळे मिटून आमचं माजघर. पूजा एक दिवसही चुकली नाही. माझ्या संसारातही घट बसतो, पण अखंड दिव्याची वात बायको लावते. मी का लावत नाही, हे तिला मी सांगितलं नव्हतं.

दोघींच्या अबोल्याची इकडे हळूहळू घरातली रीत झाली. समोरासमोर बसलेल्या असायच्या आणि तिसऱ्यामार्फत बोलायच्या. "सांग तिले, च्या थंडा होऊन राहिला." माझ्या लग्नात आत्याने सगळ्या बायकांच्या हातावर साखर ठेवली आणि आईपाशी येऊन वाटी खाली ठेवली. आईने वाटी उचलली, स्वतःच्या हाताने चिमूटभर तोंडात टाकली आणि हसून पुढच्या कामाला लागली. दर दिवाळीला सांबारवडीचा डबा ती माझ्या हाती आत्याकडे पाठवायची. डबा धुऊन परत यायचा, रिकामा. रिकामा डबा परत करू नये हे दोघींनाही माहीत होतं. मी दर वेळी म्हणायचो, आई, आता तरी सांगू दे. ती म्हणायची, "तुले शपथ हाय." नऊ वर्षांपूर्वी आई गेली. आत्या आली, पायांशी बसली, उठून गेली. शपथ तिथेच संपली होती. पण मी तेव्हाही बोललो नाही, आणि त्याला शपथेचं निमित्त नव्हतं. ती भीती होती. निवृत्त झाल्यावर हे सगळं लिहायला बसलो आणि या प्रकरणाशी येऊन महिनाभर पेन अडलं. आधी सांगायचं, मग लिहायचं, असं ठरवलं आणि गेलो.

आत्या आता बुटीबोरीला मुलाच्या घरी असते. अंथरुणाला लागली आहे, पण कान आणि डोकं दोन्ही शाबूत. मी तिच्या खाटेजवळ खुर्ची ओढली आणि सिलिंडरपासून शपथेपर्यंत सगळं सांगितलं.  ती छताकडे बघत ऐकत होती.

"वयनी घटासमोर खोटं बोलली?"

"हो."

"तुयासाठी?"

"हो आत्या."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "मंग मी तीस वर्सं कोनाशी बोलली नाही गा?"

"मायाशी," मी म्हणालो. "तो अबोला माया वाट्याचा होता."

 तिने लुगड्याचा पदर तोंडावर ओढला आणि भिंतीकडे वळून हाका मारू लागली, "वयनी... ऐक नं वं वयनी..." आत स्वयंपाकघरातून सून धावत आली, आणि आत्या आईशी बोलतच राहिली.